रिट याचिका आणि मूलभूत हक्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उच्च न्यायालयाचा कुठल्याही दिवसाचा बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) काढा, ‘रिट पिटीशन’ हे शब्द पानोपानी भेटतात. जात वैधता नाकारली गेलेला विद्यार्थी, पेन्शन अडकलेली शिक्षिका, जमीन रस्त्यात गेलेला शेतकरी, स्थानबद्ध केलेल्या तरुणाची आई, असे सगळे याच नावाखाली न्यायालयात उभे असतात. यातल्या बहुतेकांना रिटची ओळख संकट आल्यावरच होते, आणि तोवर पुष्कळदा मोलाचे महिने निघून गेलेले असतात. ती ओळख आधीच व्हावी म्हणून ही प्रश्नोत्तरं. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या प्रकरणाचे कागद मात्र वकिलालाच दाखवा.

रिट म्हणजे नेमकं काय?

न्यायालयाने सत्ता वापरणाऱ्याला दिलेला लेखी आदेश. अमुक कर, तमुक करू नकोस, कोंडलेल्या माणसाला आमच्यापुढे आण, तुझा निर्णय आम्ही रद्द करतो, या पदावर कुठल्या अधिकाराने बसलास ते सांग: असं सगळं त्यातून सांगता येतं.

दिवाणी दाव्यात साक्षी, उलटतपास, पुरावे यांत वर्षं जातात. रिटमध्ये प्रश्न थेट शासनाला असतो आणि तो शक्यतो प्रतिज्ञापत्रं आणि कागदपत्रं यांवरच सोडवला जातो. त्यामुळे जिथे वस्तुस्थितीवरच वाद आहे (बांधाची हद्द कुठली, सही खरी की खोटी) तिथे उच्च न्यायालय सहसा दिवाणी न्यायालयाचा रस्ता दाखवतं.

ब्रिटिश काळात रिट काढण्याचा अधिकार कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन उच्च न्यायालयांकडे होता, तोही मुख्यतः त्या त्या शहराच्या हद्दीपुरता. गिरगावातल्या माणसाला जे मागता येई ते सोलापूरच्या माणसाला त्याच रीतीने मागता येत नसे. 26 जानेवारी 1950 ला संविधान लागू झालं आणि हा अधिकार प्रत्येक उच्च न्यायालयाला मिळाला.

अनुच्छेद 32 ला इतकं महत्त्व का?

कारण तो स्वतःच मूलभूत हक्कांच्या यादीत आहे. समानता, भाषणस्वातंत्र्य, जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य हे हक्क लिहून संविधानकर्ते थांबले नाहीत. ते डावलले गेले तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येणं, हाही हक्कच आहे असं त्यांनी लिहून ठेवलं. 9 डिसेंबर 1948 रोजी संविधान सभेत या तरतुदीवर बोलताना (मसुद्यात तिचा क्रमांक 25 होता) डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणाले की, या संविधानातला सर्वांत महत्त्वाचा अनुच्छेद कुठला असं कुणी विचारलं तर मी याखेरीज दुसरा सांगू शकणार नाही. हा संविधानाचा आत्मा आणि हृदय आहे.

मग दिल्लीला जायचं की मुंबईला? 32 आणि 226 यांत फरक काय?

बहुतेक लोकांसाठी उत्तर आहे: आधी उच्च न्यायालय, म्हणजे अनुच्छेद 226.

अनुच्छेद 32 फक्त मूलभूत हक्कांसाठी आहे. अनुच्छेद 226 त्याहून रुंद आहे, कारण त्यात मूलभूत हक्कांबरोबर ‘अन्य कोणत्याही प्रयोजनासाठी’ रिट काढता येतं. हा फरक पुस्तकी वाटतो, पण शेतकऱ्याला विचारा. मालमत्तेचा हक्क 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून वगळला गेला आणि अनुच्छेद 300क मध्ये साधा घटनात्मक हक्क म्हणून राहिला. त्यामुळे मोबदला न देता जमीन घेतली गेली, तर अनुच्छेद 32 ची वाट जवळपास बंद असते. 226 ची पूर्ण उघडी असते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात महाराष्ट्र, गोवा आणि दादरा नगर हवेली व दमण-दीव येतात. मुंबईखेरीज नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा (पर्वरी) इथे खंडपीठं आहेत. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं आहे आणि त्याला कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे जोडले आहेत. सावंतवाडीच्या माणसाला मुंबईची रात्रीची गाडी धरावी लागत असे. त्याच्यासाठी हा बदल किती मोठा आहे ते वेगळं सांगायला नको.

ज्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार आहे त्याचं कार्यालय दिल्लीत असलं, तरी तक्रारीचं कारण पूर्णतः किंवा अंशतः महाराष्ट्रात घडलं असेल तर मुंबई उच्च न्यायालयात जाता येतं. 1963 च्या 15 व्या घटनादुरुस्तीने ही सोय झाली.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. उच्च न्यायालयाने याचिका गुणवत्तेवर, म्हणजे तिच्यातले मुद्दे तपासून, फेटाळली, तर तीच तक्रार अनुच्छेद 32 खाली नव्याने सर्वोच्च न्यायालयात नेता येत नाही. 1961 च्या दर्याव खटल्यापासून हा नियम पक्का आहे; तिथून पुढचा रस्ता अपिलाचा. कोंडलेल्या माणसाच्या सुटकेची याचिका याला अपवाद.

हल्ली सर्वोच्च न्यायालय मूलभूत हक्कांच्या प्रकरणांतही ‘आधी उच्च न्यायालयात जा’ असं वारंवार सांगतं. कामाचा बोजा पाहता ते समजण्यासारखं आहे. तरीही ज्या अनुच्छेदात दाद मागणं हाच हक्क म्हणून लिहिलं आहे, त्याच्या बाबतीत असं सांगणं सवयीचं होऊ नये असं मला ठामपणे वाटतं.

रिट पाच, नावं मात्र किती तरी. गोंधळ कसा टाळायचा?

हेबियस कॉर्पस (पाठ्यपुस्तकांत बंदी प्रत्यक्षीकरण, संविधानाच्या मराठी प्रतीत देहोपस्थिती), मँडॅमस (परमादेश किंवा महादेश), प्रोहिबिशन (प्रतिषेध), सर्शिओरारी (उत्प्रेषण किंवा प्राकर्षण) आणि क्वो वॉरंटो (अधिकारपृच्छा किंवा क्वाधिकार). स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी दोन्ही संच पाठ करावेत. बाकीच्यांनी नावावर अडून बसू नये: चुकीचं नाव लिहिलं म्हणून याचिका पडत नाही. 32 आणि 226 या दोन्ही अनुच्छेदांत ‘निदेश, आदेश किंवा प्राधिलेख’ (प्राधिलेख म्हणजे रिट) असे शब्द आहेत, म्हणजे या पाचांच्या चौकटीत न बसणारा आदेशही न्यायालय देऊ शकतं. तुमची तक्रार आणि तुमची मागणी स्वच्छ लिहिलेली हवी.

पोलिसांनी घरातल्या माणसाला उचललं आणि कुठे नेलं ते सांगत नाहीत. काय करावं?

हेबियस कॉर्पस इथेच लागतं, आणि पाचांतलं सर्वांत तातडीचं हेच. याचिका स्वतः कोंडलेल्या माणसानेच करायला हवी असं नाही. आई, भाऊ, मित्र, कुणीही करू शकतं. उच्च न्यायालयात अशी याचिका इतर कामं बाजूला ठेवून ऐकली जाते.

आधी संविधानाचा अनुच्छेद 22 पाहा. अटक केलेल्याला कारण सांगायचं, वकिलाला भेटू द्यायचं, आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. हे झालं नसेल तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या, तो नाकारला तर पोलीस अधीक्षकांना ईमेल करा, वेळ नोंदवून ठेवा. ‘साहेब म्हणाले उद्या या’ हे न्यायालयात दाखवता येत नाही. ईमेलची वेळ दाखवता येते.

दंडाधिकाऱ्याने रीतसर कोठडी दिली असेल तर मात्र हेबियस कॉर्पस चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केलं. तिथे जामीन किंवा कोठडीच्या आदेशाला आव्हान, हा मार्ग.

महाराष्ट्रात या रिटचा नेहमीचा उपयोग होतो तो प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेविरुद्ध. 1981 चा एमपीडीए कायदा, ज्याला लोक झोपडपट्टीदादा कायदा म्हणतात, त्याखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी खटला न चालवता माणसाला आत ठेवू शकतात. इतका मोठा अधिकार असल्यामुळेच न्यायालयं त्यातल्या प्रत्येक पायरीची कसून तपासणी करतात. स्थानबद्धाच्या निवेदनावर निर्णय घ्यायला विनाकारण उशीर झाला, ज्या कागदांवर भिस्त ठेवली ते दिले नाहीत, जुन्या आणि शिळ्या घटनांवर आदेश काढला, यांपैकी एकाही कारणाने आदेश पडू शकतो.

भाषेचा मुद्दाही यातलाच, आणि त्यावरचा पायाभूत निकाल नागपूरच्या प्रकरणातला आहे. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 1962. नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी स्थानबद्धतेची कारणं इंग्रजीत दिली. त्या माणसाला इंग्रजी येत नव्हतं आणि त्याने हिंदी प्रत मागितली. ती दिली गेली नाही. पोलीस अधिकाऱ्याने तोंडी समजावून सांगितलं ते पुरे आहे, असा सरकारचा पवित्रा होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही आणि त्याची सुटका केली. आरोपच समजला नाही तर माणूस उत्तर कशाचं देणार? ज्याला फक्त मराठी वाचता येतं अशा माणसाच्या हातात इंग्रजी गठ्ठा दिला गेला, तर त्याच्या वकिलाने सर्वांत आधी हा निकाल काढावा.

हे रिट खासगी माणसाविरुद्धही मिळतं. स्वखुशीने लग्न केलेल्या मुलीला माहेरच्यांनी कोंडून ठेवलं, तर तिचा नवरा याचिका करू शकतो. न्यायाधीश सज्ञान मुलीला तिची इच्छा विचारतात आणि ती सांगेल तिथे जायला तिला मोकळीक मिळते. केरळमधल्या शफीन जहाँ खटल्यात 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच अधोरेखित केलं: सज्ञान स्त्रीने कुणाशी लग्न करावं हे ठरवणं न्यायालयाचं काम नाही, आणि बापाचंही नाही. मुलाच्या ताब्यावरून आईबापांत वाद असेल तेव्हाही ही याचिका करता येते, पण तिथे मुलाचं हित हा एकमेव निकष असतो.

वकील नाही, पैसे नाहीत. साध्या पत्रावर दखल घेतली जाते का?

घेतली गेली आहे. तिहार तुरुंगातला कैदी सुनील बत्रा याने दुसऱ्या एका कैद्यावर झालेल्या अमानुष छळाबद्दल न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि सर्वोच्च न्यायालयाने तेच पत्र हेबियस कॉर्पस याचिका मानलं. 1980 चा तो निकाल तुरुंगातल्या माणसालाही मूलभूत हक्क असतात हे सांगणारा आहे. मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांनी पोलीस कोठडीत स्त्रियांना होणाऱ्या मारहाणीबद्दल लिहिलेलं पत्रही असंच याचिका बनलं. 1983 च्या त्या निकालातून स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, तिथे महिला पोलिसांचा पहारा आणि अटकेची माहिती विधी साहाय्य समितीला कळवणं, असे ठोस आदेश निघाले.

आज पत्रांची छाननी होते आणि ठरावीक विषयांचीच पत्रं याचिका म्हणून घेतली जातात. म्हणून पत्रावर विसंबून न राहता विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीत असलेली कुठलीही व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात कार्यालय असतं, उच्च न्यायालयाची स्वतंत्र समिती असते, आणि 15100 हा टोल-फ्री क्रमांक देशभर चालतो.

आणीबाणीत हे रिट कुठे गेलं होतं?

हा प्रश्न तरुण वाचक विचारतात तेव्हा बरं वाटतं, कारण याचं उत्तर विसरलं जाता कामा नये.

27 जून 1975 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद 14, 21 आणि 22 साठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित झाला. मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली हजारो माणसं आत होती; येरवडा, नाशिक, ठाणे इथले तुरुंग राजकीय कैद्यांनी भरले होते. अनेक उच्च न्यायालयांनी धीर दाखवला आणि सांगितलं की, स्थानबद्धतेचा आदेश कायद्याप्रमाणे आहे की नाही एवढं तरी आम्ही तपासणारच. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादींना (केंद्र सरकारच्या सर्वोच्च वकिलांना) विचारलं: उद्या एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला, तरीही दाद नाही का? उत्तर आलं की आणीबाणी आहे तोवर नाही.

28 एप्रिल 1976 ला या प्रकरणाचा (ते जबलपूर प्रकरण म्हणून ओळखलं जातं) निकाल चार विरुद्ध एक असा लागला: रिट मिळणार नाही. एकटे खन्ना विरोधात होते. जानेवारी 1977 मध्ये त्यांची सेवाज्येष्ठता डावलून न्यायमूर्ती बेग यांना सरन्यायाधीश नेमलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. बहुमतात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते, पुण्यात जन्मलेले, पुढे सरन्यायाधीश झालेले. 24 ऑगस्ट 2017 च्या, खासगीपणाच्या हक्कावरच्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूरचा निकाल चूक ठरवून पुसून टाकला. त्यातलं मुख्य निकालपत्र यशवंतरावांचे पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं.

आज स्थिती वेगळी आहे. 44 व्या घटनादुरुस्तीनंतर आणीबाणीतही अनुच्छेद 20 आणि 21 साठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित करता येत नाही.

अर्ज देऊन वर्ष झालं, कार्यालय उत्तरच देत नाही. रिट करता येईल?

येईल. यासाठी मँडॅमस आहे. पण त्यापूर्वी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: ते काम करणं हे त्या अधिकाऱ्याचं कायद्याने ठरवलेलं कर्तव्य आहे, आणि तुम्ही ते रीतसर मागूनही त्याने केलं नाही. म्हणून आवक-जावक विभागाचा शिक्का, आवक क्रमांक, रजिस्टर पोस्टाची पावती हे कागद सोन्यासारखे जपा.

इथे एक सावधगिरी. पुष्कळ याचिकांत ‘माझ्या निवेदनावर निर्णय घ्यायला सांगा’ एवढीच मागणी असते. न्यायालय दोन मिनिटांत तसा आदेश देतं, अधिकारी मुदतीत अर्ज फेटाळतो, आणि नवी याचिका करावी लागते. तुमचा हक्क कायद्यात स्पष्ट असेल तर मुख्य कामच मागा: पेन्शन मंजूर करा, मोबदला द्या, परवाना द्या. निवेदनावरचा निर्णय ही पर्यायी मागणी म्हणून खाली ठेवा.

जिथे अधिकाऱ्याला निवड करण्याची मुभा आहे तिथे न्यायालय ‘असंच कर’ असं सहसा सांगत नाही. विचार कर आणि कारणं लिही, असं सांगतं. अमुक कायदा करा असा आदेश विधिमंडळाला देता येत नाही. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांना अनुच्छेद 361 चं संरक्षण आहे.

जात पडताळणी समितीने दावा अवैध ठरवला. अपील कुठे करायचं?

अपील नाही. महाराष्ट्राच्या 2000 च्या जात प्रमाणपत्र कायद्यानुसार समितीचा आदेश अंतिम आहे आणि त्याला आव्हान फक्त उच्च न्यायालयात, अनुच्छेद 226 खाली देता येतं. म्हणजे सर्शिओरारी (झालेला निर्णय तपासून रद्द करणारं रिट) हे परीक्षेपुरतं वाटणारं नाव महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत प्रत्यक्ष उतरलेलं आहे, विशेषतः ठाकूर, महादेव कोळी, हलबा अशा जमातींचा दावा करणाऱ्या कुटुंबांत.

या रिटमध्ये न्यायालय समितीच्या खुर्चीत बसून पुरावा नव्याने तोलत नाही. ते पाहतं: समितीने अधिकाराबाहेर काम केलं का, तुमची बाजू ऐकली का, दक्षता पथकाचा अहवाल तुम्हाला देऊन खुलासा मागवला का, महत्त्वाचा पुरावा बाजूला सारला का, आणि आदेशात ढोबळ कायदेशीर चूक आहे का. स्वातंत्र्यपूर्व काळातली शाळेच्या दाखल्यावरची किंवा कोतवाल बुकातली (गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीतली) नोंद समितीने कारण न देता नाकारली असेल, वडिलांना किंवा सख्ख्या भावाला वैधता मिळालेली असूनही तुम्हाला नाकारली असेल, तर याचिकेत दम असतो. चालीरीती, बोली, देवदैवतं विचारून घेतलेली आप्तभाव चाचणी ही एकमेव कसोटी ठरू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये महाराष्ट्रातल्याच ठाकूर समाजाच्या प्रकरणात सांगितलं आहे. तीन पिढ्यांपूर्वी डोंगर सोडून शहरात आलेल्या घरातल्या मुलीला जुनं नृत्य येत नाही म्हणून तिचा दावा खोटा ठरवणं किती अन्यायाचं आहे हे त्या निकालाने ओळखलं, याचं मला समाधान आहे.

यात वेळ फार महत्त्वाची. प्रवेशाची मुदत किंवा नोकरीवर आलेली नोटीस समोर असेल तर याचिकेबरोबरच अंतरिम संरक्षण, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश, मागा.

प्रोहिबिशन कधी?

निर्णय व्हायच्या आधी. न्यायाधिकरण किंवा समिती अधिकार नसताना प्रकरण चालवत असेल तर तिला मधेच थांबवण्यासाठी. निर्णय होऊन गेला की सर्शिओरारी. प्रत्यक्षात वकील दोन्ही मागण्या एकत्र लिहितात.

एखादी व्यक्ती पात्रता नसताना पदावर बसली आहे. माझा वैयक्तिक तोटा नसला तरी याचिका करता येते का?

हो, क्वो वॉरंटोचं वैशिष्ट्य तेच. कुठलाही नागरिक विचारू शकतो. पद सार्वजनिक असावं आणि नेमणूक कायद्याच्या विरुद्ध असावी, एवढ्या अटी. 2001 मध्ये तमिळनाडूत शिक्षा झालेल्या आणि निवडणूक लढवायला अपात्र ठरलेल्या व्यक्तीची मुख्यमंत्री म्हणून झालेली नेमणूक सर्वोच्च न्यायालयाने याच मार्गाने रद्द ठरवली. कुलगुरूंच्या नेमणुकाही यात सापडतात.

खासगी कंपनी, शाळा किंवा आमच्या सोसायटीविरुद्ध रिट होतं का?

साधारणपणे नाही. मूलभूत हक्क मुख्यतः ‘राज्या’विरुद्ध आहेत आणि अनुच्छेद 12 मध्ये केंद्र, राज्य, महापालिका, ग्रामपंचायत, शासकीय महामंडळं येतात. मात्र खासगी संस्था सार्वजनिक कर्तव्य बजावत असेल तर 226 खाली तिलाही बोलावता येतं. गुजरातमधल्या एका न्यासाच्या महाविद्यालयाला शिक्षकांची देणी द्यायला 1989 मध्ये असंच भाग पाडलं गेलं. क्रिकेट नियामक मंडळ ‘राज्य’ नाही, पण त्याच्याविरुद्ध 226 खाली जाता येतं, हे 2005 मध्ये ठरलं.

सोसायटीच्या पार्किंगसाठी, देखभाल खर्चासाठी मात्र उपनिबंधक आणि सहकार न्यायालय.

‘पर्यायी मार्ग आहे’ म्हणून याचिका फेटाळली. असं का?

कारण कायद्याने जवळचा मार्ग दिला असेल तर आधी तो वापरावा, असा न्यायालयांचा दंडक आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्याने आधी मॅटकडे, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जायचं. खासगी शाळेतून काढलेल्या शिक्षकाने शाळा न्यायाधिकरणाकडे. त्यांच्या निर्णयानंतर उच्च न्यायालय आहेच: 1997 च्या चंद्र कुमार निकालाने हा दरवाजा कुठल्याही कायद्याने बंद करता येत नाही असं ठरवलं.

हा दंडक पोलादी नाही. मूलभूत हक्कांचा भंग, बाजू न ऐकता दिलेला निर्णय, अधिकारच नसताना केलेली कारवाई किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान, या चार बाबतींत पर्यायी मार्ग असूनही रिट ऐकता येतं. 1998 च्या व्हर्लपूल निकालात ते स्पष्ट आहे. तुमचं प्रकरण यात बसत असेल तर याचिकेच्या पहिल्या परिच्छेदांतच तसं लिहा.

न्यायालयाच्याच आदेशाने मूलभूत हक्क डावलला गेला तर?

1966 च्या मिरजकर खटल्याचा विषय हाच. मुंबई उच्च न्यायालयात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाविरुद्ध बदनामीचा दावा चालला होता आणि न्यायाधीशांनी एका साक्षीदाराची साक्ष छापू नये असं सांगितलं. वार्ताहर नरेश मिरजकर आणि त्यांचे सहकारी अनुच्छेद 32 खाली सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितलं की, न्यायालयाच्या न्यायिक आदेशाविरुद्ध असं रिट मिळत नाही, अपील करा. दिवाणी न्यायालयाच्या आदेशांविरुद्ध उच्च न्यायालयात जी ‘रिट याचिका’ दाखल होते ती अनुच्छेद 227 च्या देखरेखीच्या अधिकाराखाली.

दुसऱ्यांसाठी, समाजासाठी याचिका करता येते का?

जनहित याचिका याच 32 आणि 226 मधून उगवली. मुंबईचं सर्वांत बोलकं उदाहरण पदपथावर राहणाऱ्यांचं. 1981 च्या पावसाळ्यात फुटपाथवरची बिऱ्हाडं उठवून माणसांना गावी पाठवून देण्याचा निर्णय जाहीर झाला. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर न्यायालयात गेले. 10 जुलै 1985 च्या निकालात पाच न्यायमूर्तींनी मान्य केलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, कारण पोटापाण्याचं साधन काढून घेणं म्हणजे जगणंच काढून घेणं. तत्त्व मोठं होतं, पण हातात आलं ते कमी: अतिक्रमण हटवण्याचा महापालिकेचा अधिकार वैध ठरला आणि कारवाई पावसाळा संपेपर्यंत पुढे गेली. तरी सुनावणीशिवाय बुलडोझर नको, हे सांगायला आज देशभर हाच निकाल वापरतात.

गोव्यात लोहखनिजाच्या खाणींविरुद्ध गोवा फाउंडेशनने चिकाटीने लढा दिला आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं.

मुंबई उच्च न्यायालयाचे 2010 चे जनहित याचिकांचे स्वतंत्र नियम आहेत. याचिकाकर्त्याचा स्वतःचा स्वार्थ नाही हे प्रतिज्ञेवर सांगावं लागतं.

किती दिवसांत याचिका करावी? मुदत आहे का?

कायद्यात आकडा नाही, आणि तिथेच लोक फसतात. मुंबईच्या एका व्यापारी पेढीने विक्रीकराचे भरलेले पैसे परत मागायला उशीर केला. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिलोकचंद मोतीचंद खटल्यात मूलभूत हक्काची याचिकाही त्या कारणाने फेटाळली. आदेश हातात पडला की महिन्याभरात वकील गाठा. उशीर झालाच असेल तर प्रत्येक काळाचं कारण आणि त्याचा कागद जोडा.

नुकसानभरपाई मिळते का?

मिळू शकते. बिहारचा रुदल साह 1968 मध्ये निर्दोष सुटला आणि तरी 14 वर्षं तुरुंगातच राहिला. 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेबियस कॉर्पसच्या याचिकेतच त्याला एकूण 35,000 रुपये द्यायला सांगितले. गेलेल्या आयुष्यापुढे ही रक्कम काहीच नाही. पण सुटका झाली म्हणजे प्रकरण संपलं असं मानायचं नाही, हे तिथून सुरू झालं. कोठडीतल्या मृत्यूसाठी 1993 च्या निलबती बेहेरा खटल्यात दीड लाख रुपये दिले गेले.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी किंवा गोवेकर माणसाला रिट करता येतं का?

येतं, पण सर्व हक्कांसाठी नाही. अनुच्छेद 14 ची समानता आणि 21 चं जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य ‘व्यक्तीं’ना आहे, मग पासपोर्ट पोर्तुगालचा असो की अमेरिकेचा. अनुच्छेद 19 मधली स्वातंत्र्यं फक्त भारतीय नागरिकांची.

आदेश मिळाला, पण कार्यालय पाळत नाही. पुढे?

आधी आदेशाची प्रमाणित प्रत काढून ती लेखी पत्रासह अधिकाऱ्याला पोचवा आणि पोच घ्या. मुदत उलटली की त्याच उच्च न्यायालयात अवमान याचिका करा. अनुच्छेद 215 खाली तो अधिकार उच्च न्यायालयाला आहे. मूळ आदेश देताना नेमकी मुदत घालून घेण्याचा आग्रह तुमच्या वकिलाने धरायला हवा, कारण ‘शक्य तितक्या लवकर’ अशा आदेशाचा भंग कधी झाला हे सिद्ध करणं अवघड जातं. आणि इथे मात्र कायद्यात आकडा आहे: 1971 च्या न्यायालय अवमान कायद्याचं कलम 20 अवमान घडल्यापासून एक वर्षाची मर्यादा घालतं. बदलून आलेला नवा अधिकारी ‘मी बघतो’ म्हणत राहिला तरी ते वर्ष त्याच्यासाठी थांबत नाही.